देवगढची वाट आणि राखणीची रात्र

देवगड म्हटले की आपल्याला कोकणातला हापूस आठवतो. मी ज्या देवगढाविषयी लिहीत आहे ते मात्र उत्तर प्रदेशातील ललितपूर जिल्ह्यात, बेतवा नदीच्या काठी, विंध्याच्या टेकडीवर आहे. बँकेच्या नोकरीत असताना बुंदेलखंडातील तीर्थक्षेत्रांची वंदना करण्याचा संकल्प आम्ही उभयतांनी कितीदा तरी केला आणि वार्षिक तपासणी, बदली, मुलांच्या परीक्षा अशा कारणांनी तितक्याच वेळा पुढे ढकलला. दोन वर्षांपूर्वीच्या पौषात तो योग आला. भुसावळ, खांडवा, इटारसी, भोपाळ, बीना असे टप्पे मागे टाकीत गाडी पहाटे ललितपूरला पोहोचली, तेव्हा फलाटावर धुके इतके दाट होते की समोरचा हमालही दिसत नव्हता.

या यात्रेमागे आणखी एक हेतू होता. माझ्या मातोश्रींच्या स्मृतिदिनी आमच्या घरून गोसेवेसाठी काही रक्कम देण्याची प्रथा आहे. त्या वर्षी ती रक्कम तीर्थक्षेत्राजवळच्या एखाद्या गोशाळेला स्वहस्ते द्यावी, जमल्यास आईच्या नावाची लहानशी पाटी लावावी, असे ठरवून पाकीट सोबत घेतले होते. ते पाकीट त्या गोशाळेत गेलेच नाही. ते का गेले नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

ललितपूरहून देवगढ सुमारे तेहतीस किलोमीटर. धुके विरळ होऊ लागले तशी दुतर्फा शेते दिसू लागली. गहू वीतभर वाढलेला, हरभरा फुलावर आलेला, मधूनच मसूर आणि वाटाणा. आपल्यापैकी ज्यांची डाळीची आडत आहे त्यांना हा मुलूख नावाने तरी परिचित असेल. खरिपातला उडीद आणि रब्बीतली ही कडधान्ये, हेच इथल्या बाजारपेठेचे भांडवल. पण माझे लक्ष पिकापेक्षा त्याच्याभोवतीच्या बंदोबस्ताने वेधून घेतले. कुठे काटेरी बाभळीच्या फांद्या, कुठे जुन्या साड्या दोरीला बांधून केलेले कुंपण, कुठे तारेला लटकवलेले रिकामे डबे. जवळजवळ प्रत्येक शेतात चार खांबांवर उभारलेला, गवताने शाकारलेला एकेक माळा. काही ठिकाणी धारदार पात्यांची तारही होती. आपल्याकडे कारखान्याच्या भिंतीवर असते तशी.

"इतक्या चोऱ्या होतात का इकडे?" मी जीपच्या चालकाला विचारले.

तो हसला आणि पुढच्या वळणावर गाडीचा वेग कमी केला. रस्त्यावर पंचवीस-तीस गाई, कालवडी आणि खोंड निवांत बसलेले होते. "चोर ये हैं, बाबूजी," तो म्हणाला, "और इनकी रपट कहीं नहीं लिखी जाती."

सौभाग्यवतींनी खिडकीतून हात जोडले. मीही जोडले. चालकाच्या बोलण्यातला कडवटपणा मला त्या क्षणी रुचला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

देवगढाचे वर्णन करायला स्वतंत्र लेखच हवा. पायथ्याशी गुप्तकालीन दशावतार मंदिर. वर किल्ल्याच्या तटात, झाडीमध्ये, एकतीस जैन मंदिरांचा समूह. शांतिनाथ भगवानांचे बारा क्रमांकाचे मंदिर त्यांत प्रमुख. त्याच्या स्तंभावर विक्रम संवत ९१९ चा, म्हणजे इसवी सन ८६२ चा, प्रतिहार राजा भोजदेवाच्या काळातील लेख आहे. हजाराहून अधिक वर्षे एका जंगलातल्या टेकडीवर उभी असलेली ती जिनबिंबे पाहताना माणूस आपोआप मूक होतो. आदिनाथ प्रभूंच्या, खांद्यावर केशसंभार रुळणाऱ्या मूर्ती येथे विशेष आहेत. अशाच एका मूर्तीपुढे आम्ही बराच वेळ बसलो. मूर्तीच्या आसनावर वृषभ कोरलेला होता. प्रभूंचे ते लांछन. याच प्रभूंनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकवली. आपण व्यापारी मंडळी वाणिज्य तेवढे आपले मानतो. पण त्या यादीत कृषी वाणिज्याच्या आधी येते. नांगराला जुंपला जाणारा वृषभ आणि ती कृषी, दोन्ही एकाच प्रभूंच्या चरणांशी. त्या दुपारी हे मनात आले आणि निघून गेले. रात्री त्याचा अर्थ निराळ्या रीतीने कळायचा होता.

सूर्यास्तापूर्वी धर्मशाळेत भोजन उरकले. तेथे दूध घालणारे एक वयस्क शेतकरी होते; सगळे त्यांना दद्दा म्हणत. मी त्यांना जवळची चांगली गोशाळा कोणती, असे विचारले आणि हेतूही सांगितला. दद्दा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबूजी, पैसे देण्याआधी एक रात्र माझ्या शेतावर या. मग जिथे द्यायचे तिथे द्या." त्यांच्या बोलण्यात आर्जव होते, उपरोध नव्हता. सौभाग्यवतींनी माझी कानटोपी आणि दोन शाली काढून दिल्या.

दद्दांचे शेत गावापासून दीड किलोमीटरवर. चार एकर, अर्ध्यात गहू, अर्ध्यात हरभरा आणि मसूर. माळ्यावर एक घोंगडी, एक विजेरी, एक काठी आणि पत्र्याचा डबा. वाऱ्याला धार होती. दद्दांनी सांगितले, पेरणीपासून कापणीपर्यंत घरातला एक माणूस रोज रात्री येथे असतो. पूर्वी दोन मुलगे आळीपाळीने येत. आता थोरला दिल्लीकडे बांधकामावर आहे, म्हणून एक रात्र दद्दा आणि एक रात्र धाकटा. ज्याची रात्र राखणीत जाते, तो दुसऱ्या दिवशी मजुरीला जाऊ शकत नाही. म्हणजे पीक वाचले तरी त्याची किंमत मोजून झालेलीच असते.

मध्यरात्रीनंतर शेजारच्या बांधाकडून डबा वाजू लागला. दद्दा चपळाईने खाली उतरले. मीही मागोमाग गेलो. विजेरीच्या झोतात प्रथम केवळ डोळे चमकले, वीस-पंचवीस जोड्या. मग शिंगे, मग हाडे वर आलेल्या पाठी. कळप हरभऱ्यात शिरला होता. हरभऱ्याचे रोप गाय खुडून खात नाही, उपटून खाते. आणि जे तोंडाला येत नाही ते खुरांखाली जाते. दद्दा ओरडत, जमिनीवर काठी आपटत त्यांना हाकीत होते. गाईच्या अंगावर काठी पडू नये याची काळजी मात्र ते धावतानाही घेत होते. अर्ध्या तासाने कळप बाहेर गेला. बाहेर म्हणजे कुठे? तर पलीकडच्या शेतात. तिथला डबा वाजू लागला. "आता तो हाकील, आणि पहाटे ते पुन्हा इकडे येतील," दद्दा म्हणाले.

कळपातून एक तांबूस गाय मागे राहिली होती. तिच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली होती. मी कारण विचारले. सरकार गुरांच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारते. मालकाचे नाव त्यावरून कळते. गुरू सोडून देताना काहीजण तो बिल्ला कापून काढतात. दद्दांनी हे सांगितले, जरा थांबले, आणि विजेरी विझवून अंधारात म्हणाले, "बाबूजी, हमाई गइया भी इन्हीं में है."

दोन वर्षांपूर्वी दुष्काळी उन्हाळ्यात त्यांची गाय भाकड झाली. भुसा विकत घेण्याची ऐपत नव्हती. विकायला नेली तर घेणारा नव्हता. एका पहाटे ते तिला दोन गावे पलीकडे सोडून आले. तीन दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी परत आली आणि दारात उभी राहिली. तेव्हा त्यांनी तिला पुन्हा, अधिक लांब नेले. "आता ती कोणाचे तरी शेत खात असेल. आणि माझे शेत खाणारी कोणाची तरी घरची लक्ष्मी असेल." एवढे बोलून ते माळ्यावर चढले. त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो नाही.

या मुलखात याला 'अन्ना प्रथा' म्हणतात. अन्ना म्हणजे मोकाट सुटलेले जनावर. मराठी कानाला तो शब्द अन्नासारखा ऐकू येतो, हा विचित्र योगायोग. ही प्रथा मुळात वाईट नव्हती. रब्बीचे पीक निघाले की चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत शेते रिकामी असत. त्या दिवसांत गावची गुरे मोकळी सोडीत. ती धसकटे खात, शेतात शेण टाकीत, आणि आषाढात आपापल्या दावणीला परत येत. उरलेल्या महिन्यांत 'बरेदी', म्हणजे गावचा गुराखी, सगळ्या घरांची गुरे रानात नेई व त्याबद्दल धान्य घेई. आपल्याकडेही सुगीनंतर धनगराची मेंढरे खतासाठी रानात बसवतात आणि वर त्याला धान्य देतात. तेव्हा मोकळी चराई हा स्वतःच दोष नाही. तिला हंगाम असावा लागतो आणि धनी असावा लागतो. दोन्ही होते तोवर जनावर आणि शेत एकमेकांचे देणेकरी होते.

मग एकेक कडी निखळली. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम संपले, त्यामुळे गोऱ्ह्याला किंमत राहिली नाही. गावठी गाय दोन-तीन लिटरवर दूध देईना. त्यापेक्षा म्हैस परवडते. चराऊ राने आक्रसली. यंत्राने कापणी होऊ लागली तशी भुशाची तूट पडू लागली. बरेदीची मुले शहरात गेली. २०१४ आणि २०१५ असा लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला आणि माणसांनाच पाणी नव्हते तिथे गुरांना कोण पाजणार? त्यातच गुरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक कायद्याने व भीतीनेही थांबली. उन्हाळ्यापुरती असलेली सुटी बारमाही झाली.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ५०.२१ लाख मोकाट गुरे मोजली गेली. राजस्थानात १२.७२ लाख, उत्तर प्रदेशात ११.८४ लाख. मी हिशेबाचा माणूस. माळ्यावर बसल्या बसल्या आकडेमोड केली. एका मध्यम गाईला रोज सहा किलो कोरडी वैरण धरली तर उत्तर प्रदेशातील या गुरांना दररोज सात हजार टनांहून अधिक चारा लागतो. तो कुठून तरी येतोच. काही गोठाणातून, काही गोशाळेतून, काही उकिरड्यावरच्या प्लास्टिकमधून. आणि उरलेला दद्दांसारख्यांच्या हरभऱ्यातून.

नुकसान केवळ खाल्लेल्या पिकाचे नसते. दद्दांच्या शिवेला लागून एक मोठे शेत होते. तिथे खरिपात काहीच पेरले जात नाही, कारण दोन्ही हंगाम राखण करायला माणसे नाहीत. बुंदेलखंडात खरिपात जमिनी पडीक राहण्यामागे मोकाट गुरे हे फार जुने कारण आहे. काहींनी उडीद सोडून तीळ धरला, कारण तिळाच्या रोपाला गुरे तोंड लावीत नाहीत. म्हणजे काय पेरावे हे माती, पाऊस आणि बाजारभाव ठरवीत नाहीत. भुकेला कळप ठरवतो. डाळीचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांनी हा दुवा ध्यानात घ्यावा. आपला देश जगात सर्वाधिक डाळी पिकवतो आणि तरीही म्यानमारचा उडीद बंदरावर उतरवून घेतो. त्या तुटीची कारणे पुष्कळ आहेत. पण त्यांतले एक कारण त्या रात्री माझ्यासमोर उभे होते, फाटक्या कानाचे.

पहाटेच्या सुमारास दद्दांनी शेकोटी केली आणि मला एक गोष्ट आठवली. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

नव्वदच्या दशकात मी मराठवाड्यातील एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. एक शेतकरी पीककर्जाला मुदतवाढ मागायला आला. देवाला सोडलेला वळू आणि त्याच्या मागे फिरणारी मोकाट गुरे एका रात्रीत त्याचा हरभरा संपवून गेली, असे त्याचे म्हणणे. मी नियम पाहिले. दुष्काळ असता तर गावाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत गेली असती, सवलत मिळाली असती. पण एका माणसाचे शेत रिकामे झाल्याने गावाची आणेवारी बदलत नाही. मी त्याच्या अर्जावर 'कारण समर्थनीय नाही' असा शेरा मारला आणि रीतसर नोटीस पाठवली. शेत पाहायला गेलो नाही; ते सात किलोमीटरवर होते. दोन महिन्यांनी त्याने सगळी रक्कम भरली. पावती घेताना म्हणाला, "साहेब, बैलजोडी विकली." वसुलीच्या तक्त्यात त्या महिन्यात माझ्या शाखेचे नाव वर होते.

नियमाने मी चुकलो नव्हतो. आजही नियम फारसा बदललेला नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत अवर्षण, पूर, गारपीट, कीड-रोग यांची जोखीम घेतली जाते. पण पाळीव जनावरांनी चरून फस्त केलेले पीक २०१६ च्या मूळ नियमांतच अपवादांत टाकलेले आहे, दंगल आणि चोरी यांच्या पंक्तीत. कारण सरळ आहे: जनावराला धनी असतो, त्याच्याकडून भरपाई घ्यावी. १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याने शेतकऱ्याला अशी गुरे धरून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार दिला. मालकाने दंड भरून सोडवावीत, न सोडवल्यास लिलाव व्हावा. आपल्या खेड्यांतला कोंडवाडा आणि इकडचे 'कांजी हाउस' ही त्याच कायद्याची अपत्ये. पण ज्या गाईला धनीच नाही तिचा दंड कोण भरणार? आणि लिलावात बोली कोण लावणार? २०१८ च्या डिसेंबरात आणि त्यापुढच्या जानेवारीत उत्तर प्रदेशातील कित्येक गावच्या शेतकऱ्यांनी हताश होऊन गुरे सरकारी शाळांत कोंडली. मुले बाहेर, गुरे आत. २०१९ मध्ये त्या सरकारने निराधार गाय सांभाळणाऱ्याला दिवसाला ३० रुपये देण्याची योजना आणली. पुढे ते ५० केले. गावोगावी आश्रयस्थळेही झाली. पण पैसे वेळेवर आले तर भुसा येतो, असे दद्दा म्हणाले. आणि पावसाळ्यात त्यांच्या गावच्या आश्रयस्थळाचे कुंपण आतून उघडले जाते, हेही त्यांनी सांगितले.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना लेखणी अडखळते, कारण ते आपल्याच घरातले आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. आपल्या समाजाने आनंद मानला. मीही पेढे वाटले, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. जीव वाचला पाहिजे याविषयी माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. पण बँकेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात की प्रत्येक जमेसमोर नावे पडते. जीव वाचवल्याचे पुण्य आपण आपल्या खाती जमा केले. त्या जिवाच्या रोजच्या सहा किलो वैरणीची रक्कम कोणाच्या नावे पडली, हे आपण वही उलटून पाहिले नाही. ती चार एकरवाल्याच्या खाती पडली. त्याची सही न घेता, त्याला न विचारता.

आदिनाथ प्रभूंविषयी परंपरेत एक कथा सांगितली जाते. मळणीच्या वेळी बैल खळ्यातले धान्य खातात, अशी तक्रार शेतकऱ्यांनी केली. प्रभूंनी बैलांच्या तोंडाला मुसके बांधायला सांगितले; ते सोडायचे मात्र राहून गेले. मुक्या जिवांच्या अन्नात आलेला तो अंतराय कर्मरूपाने प्रभूंपुढे उभा राहिला आणि दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ त्यांना आहार मिळाला नाही. अखेर अक्षय तृतीयेला हस्तिनापुरी राजा श्रेयांसाने इक्षुरस दिला. लहानपणापासून ऐकलेल्या या कथेत मला बैलच दिसत असे. त्या रात्रीनंतर तक्रार घेऊन आलेला शेतकरीही दिसू लागला. त्याची तक्रार खोटी नव्हती. धान्य खरोखर जात होते. प्रश्न दोघांच्या पोटाचा होता.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिल्या चारांविषयी आपण जागरूक असतो. पाचव्याचा अर्थ, आपल्या आश्रितांचे अन्नपाणी रोखणे. भाकड गाय रस्त्यावर सोडणे हे बंधन तोडणे नव्हे, तो अन्नपाननिरोध आहे. फक्त तो आपल्या डोळ्यांआड घडतो. आणि पुढे ती पात्यांच्या तारेवर मान घालते, तेव्हा छेदही घडतो. सकाळी परतताना मी तशी एक कालवड पाहिली. अधिक लिहीत नाही.

आपल्या पूर्वजांना हा हिशेब कळत होता. १८३४ मध्ये मुंबईत जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ उभारली, तेव्हा तिच्यामागे केवळ एकरकमी देणगी आणि पाटी नव्हती. पेठेतल्या व्यवहारांवर 'लागा' बसवला जाई. दर गासडीमागे, दर पोत्यामागे ठरावीक रक्कम धर्मादाय म्हणून पांजरपोळीला जाई. जुन्या आडतपट्टीवर धर्मादायाचा रकाना आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. माल विकला जाईल तोवर चारा येत राहील, अशी ती तजवीज होती. जनावर रोज खाते, म्हणून देणेही रोजचे हवे, ही त्यामागची व्यवहारदृष्टी. आपण दान मोठे केले आणि ते नियमित मात्र ठेवले नाही.

सकाळी चहा घेताना मी दद्दांना विचारले, "मग पैसे कुठे द्यावेत, तुम्हीच सांगा."

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, चैत्रात कापणी होते तेव्हा भुसा स्वस्त असतो आणि पावसाळ्यात दुप्पट महाग. चैत्रात तो घेऊन कोरड्या जागी साठवला तर गावातली पुष्कळ गुरे सुटणारच नाहीत. दोन, बरेदी परत हवा. पेरणी ते कापणी एवढे आठ महिने दोन माणसांना पगार दिला तर गावची गुरे दिवसा रानात, रात्री एका आवारात राहतील. "गोशाळेच्या दरवाजावर नाव लागेल, बाबूजी. बरेदीच्या काठीवर नाव लागत नाही," ते हसून म्हणाले.

आईच्या नावाची पाटी लागली नाही. पाकिटातली रक्कम गावच्या चार जाणत्यांच्या हाती, लेखी ठरावावर, भुशासाठी दिली. परतल्यावर आमच्या पेठेतल्या सहा कुटुंबांशी बोललो. दरमहा ठरावीक रक्कम जाऊ लागली. मी तिमाही हिशेब मागवतो. सवय जात नाही. पहिल्या वर्षी भुसा भिजला. दुसऱ्या वर्षी पत्र्याची शेड झाली. एक बरेदी टिकला, एक निघून गेला. दद्दांच्या गावची गुरे आता बहुतेक आवारात असतात. शेजारच्या गावांची मात्र अजून येतात, त्यामुळे माळा उतरवलेला नाही. दद्दा फोनवर सांगतात, आठवड्यातून तीन रात्री झोप मिळते. त्यांची स्वतःची गाय सापडली नाही. फाटक्या कानाची ती तांबूस गाय त्यांनी दावणीला बांधली आहे.

दद्दांना दर महिन्याला फोन करताना मला मराठवाड्यातला तो शेतकरी आठवतो. त्याचे नाव माझ्या स्मरणात आहे, पत्ता नाही. सात किलोमीटर तेव्हा गेलो नाही. त्याची भरपाई हजार किलोमीटर जाऊनही होत नाही.

वाचकांना एकच विनंती. आपल्याही गावाजवळ गोशाळा असेल, पांजरपोळ असेल. पुढच्या वेळी तेथे जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा: येथे किती जनावरे आहेत, आणि आषाढापर्यंत पुरेल इतकी वैरण कोठारात आहे का? उत्तर 'नाही' असे आले, तर पाटीऐवजी कडबा द्या. दक्षिण महाराष्ट्रात आपले कितीतरी बांधव स्वतः शेती करतात. गोशाळेच्या शेजारच्या बांधावर कोण राखण करीत बसले आहे, हे त्यांना विचारले तरी चालेल. ते आपल्याला माळ्यावर बोलावतील. जरूर जा. थंडी फार असते, शाल न्यावी.

जय जिनेंद्र.